ढील

"गाठ सुटली नाई ना!" फाटलेलं जाळं बोटीत ओढत नागोराव म्हणाले. "पाहा विठ्ठलभाऊ, माही गाठ जिथल्या तिथं हाये."

खरंच होती. तरंगत्या पिंजऱ्याचं जाळं ज्याला टांगलेलं असे, त्या पाइपाला दोरी घट्ट आवळलेली होती आणि गाठीत जाळ्याचा मूठभर तुकडाही अडकलेला होता. बाकीचं जाळं त्या तुकड्यापासून फाटून लोंबत होतं. वाऱ्याच्या तडाख्यात पिंजऱ्यात वाढवलेले मासे धरणात निघून गेले होते.

विठ्ठलराव मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. ते रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहत राहिले. "गाठ राह्यली अन् मासे गेले. सभासद म्हणतेत, नागोरावले कामावरून काढा."

नागोरावांनी गाठीवरून अंगठा फिरवला. उमरखेडकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या बांधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दाबलेला कापूस फुगायला पाहतो. बांधणारा हात जरा सैल पडला की गासडी फुटते. त्यांची कधी फुटली नाही. मग बोंडअळीच्या साली जिनिंगला कापूसच येईना, यंत्रं थांबली आणि नागोराव पुसदजवळच्या या धरणावर आले.

दुपारी अपेक्षा आली. पिंजऱ्यांचं काम पाहणारी यवतमाळची इंजिनिअर. तिने तो तुकडा उन्हात धरून पाहिला.

"काका, घट्ट बांधा असं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं," ती विठ्ठलरावांसमोरच म्हणाली. "पाणी हलते, अन् आपण जाळ्याले हलू देत नाही. सारा झटका एका जागी बसते."

तिने जाळ्याच्या काठाला सगळीकडून रुंद पट्टा शिवायला सांगितला, म्हणजे ओढ साऱ्या काठावर वाटली जाईल. पट्ट्यात कड्या बसवून त्या पाइपाला बांधायच्या, पण मधल्या दोरीला वीतभर ढील ठेवून.

पट्टा शिवायला नागोरावांच्या पत्नी इंदूबाई दाभण घेऊन बसल्या. "ढील?" त्या हसल्या. "यायनं संसारात कदी देल्ली नाई."

नागोराव बांधायला लागले. हात आपोआप दोरी ओढून घेत. अपेक्षा सोडायला लावी. ते पुन्हा आवळत.

"सैल बांधणं म्हंजे कामात खोट ठेवणं व्हय, पोरी!" ते चिडले.

"गाठ घट्टच मारा, काका. दोरी तेवढी लांब ठेवा."

त्यांनी आवळलेल्या दोऱ्या सोडल्या. त्या आणि पुढच्या सगळ्या दोऱ्या त्यांनी लांब ठेवून बांधल्या.

पिंजऱ्यात नवे मासे सोडले आणि पुढच्याच आठवड्यात भर दुपारी वारा सुटला. नागोराव आणि विठ्ठलराव बोट घेऊन पिंजऱ्यावर गेले. पाइप वर जात, खाली येत. दोऱ्या ताणल्या जात, पुन्हा लोंबत. दोरी लोंबली की नागोरावांचा हात पुढे होई.

"आवळून घेता का?" विठ्ठलरावांनी घाबरून विचारलं.

नागोरावांनी जवळची दोरी धरली. पुढच्या लाटेला ती त्यांच्या मुठीतून सरकून ताठ झाली. जाळं थोडं वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. आत मासे एकदम खळबळले.

"नाई," ते म्हणाले. "हलू द्या."

मग त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि वारा पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.