रफूकाकांचं व्याख्यान

"पाहुण्या येत नाहीत," लाँड्रीच्या काउंटरवर दोन्ही हात टेकून अध्यक्षबाई म्हणाल्या. "घसा पार बसलाय त्यांचा. चार वाजता तुम्ही बोलायचं."

मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसलेल्या रफूकाकांच्या मांडीवर कुणाची तरी पँट होती. त्यांनी आधी पँटकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. मागे भिंतच होती.

आपल्याला काय बोलता येणार, असं ते म्हणाले. पण अध्यक्षबाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गात हात वर न करणाऱ्यालाच नेमकं उठवायचं, ही त्यांची जुनी सवय. रफूकाकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या दुकानाची पायरी उतरून गेल्यासुद्धा.

भरतकाम मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. दरवेळी कुणी ना कुणी पाहुण्या कलाकार यायच्या आणि आपल्या कामाबद्दल बोलायच्या. चार वर्षांपूर्वी एका बाईंची रफू केलेली शाल पोचवायला रफूकाका तिथं गेले, तेव्हा कांद्याच्या सालांनी दोरे कसे रंगवायचे ते कुणीतरी सांगत होतं. ते दारातच खिळले. कुणीतरी एक खुर्ची पुढे सरकवली. तेव्हापासून त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. वीस-बावीस बायका आणि ते एकटे पुरुष. खुर्च्या मांडायच्या, गुंतलेल्या लडी सोडवायच्या, बोथट सुया बाजूला काढायच्या ही कामं आपोआप त्यांच्याकडे आली.

एकच अडचण होती. चहाच्या वेळी लांब टेबलावर सगळ्याजणी आपापलं नवं काम मांडत. रफूकाकांचे हात रिकामे. रफू दाखवणार तरी कसं? दिसलं तर ते वाईट रफू. चांगलं असेल तर टेबलावर नुसती कुणाची तरी पँट.

आणि मंडळाचा नियम होता, की वर्षातून एकदा तरी आपलं काम सर्वांपुढे मांडेल तोच सभासद. नियम सांभाळायला चिटणीसबाई होत्या. त्या मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांची वही म्हणजे दगडावरची रेघ. रफूकाकांचं नाव चार वर्षं 'पाहुणे' या पानावर पडून होतं. हॉल आता अपुरा पडतो म्हणून नव्या वर्षापासून पाहुण्यांना यायला मिळणार नाही, हे चिटणीसबाईंनी मागच्याच सभेत वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर रफूकाका नीट जेवले नव्हते.

दुपारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. जाऊ नका म्हणेल, अशी आशा होती. तिनं कपाटातून त्यांचं चांगलं जाकीट काढलं आणि इस्त्री तापत ठेवली.

"घरी बोलता तेवढंच बोला," ती म्हणाली.

"घरी मी बोलतो कुठं?"

"मग लवकर आटपेल."

चार वाजता रफूकाका उभे राहिले. बायको मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसली होती. त्यांनी नमस्कार केला, घोटभर पाणी घेतलं, परत नमस्कार केला. मग म्हणाले, की कपडा फाटतो. मग तो रफू करायचा. एवढं बोलून त्यांना वाटलं, आपलं व्याख्यान संपलं.

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, एखादा नमुना दाखवता येईल का. रफूकाकांनी हॉलभर नजर फिरवली, आणि ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीवर अडकली. चिटणीसबाईंचा कोट. राखाडी लोकरीचा, तिरप्या विणीचा, मधूनच एक निळसर धागा. चेहरे ते विसरत, पण कापड कधी विसरत नसत.

"हा कोट माझ्या हातातून गेलाय," ते बोलून गेले.

"हा?" चिटणीसबाई म्हणाल्या. "नाही हो. हा आमच्या ह्यांचा. ते गेल्यावर मी माझ्या मापाचा करून घेतला. पण फाटला कधीच नाही. फार जपून वापरायचे."

आणि मग रफूकाकांना तो माणूस आठवला. बारा वर्षांपूर्वी दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभा होता. कोटाला सिगारेटनं भोक पाडलेलं. घरी कळता कामा नये, म्हणाला होता; बायकोला शब्द दिलाय सोडल्याचा. रफूकाकांनी दोन दिवस त्या भोकावर घालवले होते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी तेच सांगितलं असतं. आता ते पाच पावलांवर होतं, आणि ते दाखवलं की वहीतलं पान आपोआप बदलणार होतं.

बावीस जणी त्यांच्याकडे बघत होत्या.

"चूक झाली," रफूकाका म्हणाले. "तो दुसरा कोट असेल."

हॉलमध्ये जरा चुळबूळ झाली. रफूकाकांनी अंगातलं जाकीट काढलं, टेबलावर पसरलं आणि कात्रीनं बरोबर छातीवर नखाएवढं कापड कापून टाकलं. तिसऱ्या रांगेत बायकोनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर भीती कुठं गेली ते त्यांना कळलंच नाही. बाहेरचा दोरा कितीही जुळवा, दगा देतो, असं ते सांगू लागले; म्हणून त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून घ्यायचे. आधी उभे भरायचे, मग आडवे, एक वर, एक खाली, जसं विणकरानं केलं तसंच. खुर्च्या सोडून सगळ्याजणी टेबलाभोवती गोळा झाल्या. कुणी दिवा जवळ धरला, कुणी सुईत धागा ओवून दिला. प्रश्नांवर प्रश्न आले. इतकी वर्षं भोकं पाहून माणसं कळतात का, असं एकीनं विचारलं. कळतात, पण सांगायची नसतात, असं ते म्हणाले आणि पहिल्यांदाच सगळा हॉल हसला. तासाभरानं त्यांनी जाकीट झटकून पुढे फिरवलं. ते हातोहाती गेलं, उजेडाकडे धरून पाहिलं गेलं, आणि दोघीजणी भोक डावीकडे होतं की उजवीकडे यावरून वाद घालू लागल्या. चहा निवून गेला. बायकोनं जाकीट हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि त्यांना घालायला दिलं.

सगळ्या पांगल्यावर रफूकाका खुर्च्या रचत होते. चिटणीसबाई वही घेऊन आल्या. 'सभासद' या पानावर त्यांनी रफूकाकांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग कोट टेबलावर ठेवून त्याची आतली दुमड उलटी केली. तिथं दोन बोटं रुंद पट्टा विरळ होता. धागे ओढून काढलेले.

"सिगारेट ना?" त्यांनी हळूच विचारलं.

रफूकाकांनी हातातली खुर्ची अलगद खाली ठेवली.

"मला शपथ घेऊन सांगितलं होतं सोडली म्हणून," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मघाशी सांगून टाकलं असतंत तर माझी काय अवस्था झाली असती."

"मी त्यांना शब्द दिला होता."

चिटणीसबाईंनी मान हलवली. कोट अंगात घातला, एकेक बटण लावलं. मग डाव्या छातीवर, खिशाच्या जरा वर, एका जागी बोटं टेकवली.

"इथं असेल," त्या म्हणाल्या. "इथंच ठेवायचे ते सिगारेट."

भोक उजव्या बाहीला होतं, कोपराजवळ.

"असेल," रफूकाका म्हणाले.

त्या जागेवर हात तसाच ठेवून चिटणीसबाई जिना उतरू लागल्या. त्या खाली पोचेपर्यंत रफूकाकांनी खुर्चीचा आवाज होऊ दिला नाही.