अजगराचा उपास

"पंधरा दिवसांतून एक उंदीर, ताई. मेलेला चालतो, पण कोमट करून दे. एवढंच. विसरू नकोस हं."

यांगोनच्या इस्पितळात जायला निघालेला मिन ऊ पायरीवर बसून, खोकत खोकत, हे दोनदा सांगून गेला होता. न्वे यिन विसरली नाही. विसरली असती तर बरं, असं तिला पुढे वाटायचं.

मोलम्याइनच्या त्या गल्लीत तिच्याएवढं कडक शील पाळणारं दुसरं कोणी नव्हतं. पहाटे बुद्धापुढे भाताची वाटी, पाणी, दिवा, मग पंचशील. पौर्णिमा-अमावास्येला दुपारनंतर अन्नाचा कण नाही. मुंगीसुद्धा ती फुंकून बाजूला करी. आपल्यापायी एखादा उंदीर मारला जावा, हे तिला सोसवेना. भावाने पेटीत पाळलेल्या अजगरापुढे ती रोज दूधभात ठेवी. तो तोंड लावत नसे.

"तोही शील पाळतोय," शेजारणी म्हणाल्या आणि पेटीपुढे फुलं ठेवून हात जोडू लागल्या. न्वे यिनला ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं. मिन ऊचा फोन आला की ती सांगे, "खातोय रे. तू तुझ्या तब्येतीचं बघ."

असे तीन महिने गेले. मग एकदा मागच्या गल्लीतली, कोंबडीची पिल्लं उबवून विकणारी मा एची डोकावली. तिने फुलं बाजूला सारली आणि झाकण उघडलं.

"कसलं शील घेऊन बसलात, मावशी! याच्या पाठीचे मणी लांबून मोजता येतायत. तुमचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो. याचा कोण सोडणार?"

न्वे यिनने पहिल्यांदाच त्याला उचललं. पाच हात लांब जनावर, पण वजन वाळल्या दोरासारखं. अंगावर जुन्या कातीच्या चिंध्या चिकटलेल्या, एका डोळ्यावरही. ती तशीच खाली बसली.

"आता काय करू गं?"

"आधी कोमट पाण्यात ठेवा. माझ्याकडं रोज दोन-चार पिल्लं आपोआप मरतात, ती न्या. मी मारत नाही, तुम्ही मारत नाही. झालं समाधान?"

पाण्यात भिजून कात हळूहळू सुटली. तिसऱ्या दिवशी त्याने एक पिल्लू गिळलं. न्वे यिनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आणखी दोन दिली. हात आखडून द्यायची सवयच नव्हती तिला. सकाळी तिन्ही पिल्लं ओकून पडली होती आणि अजगर तोंड उघडं टाकून निपचित होता.

"भिक्खूंची पंगत आहे का ही? आतडं वाळलंय त्याचं," मा एची म्हणाली, पण आवाज चढवला नाही. "आता दहा दिवस नुसतं पाणी."

त्या दहा दिवसांत जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणताना न्वे यिनचा आवाज रोज अडकायचा. आठव्या दिवशी फोन आला.

"ताई, डॉक्टर आता औषधं बदलत नाहीत." मिन ऊचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "तो बरा आहे ना?"

'खातोय' अगदी जिभेवर आलं होतं.

"मिन ऊ, मी तुझ्याशी खोटं बोलले. काय ते समोर येऊन सांगते. त्याला एक घास पचू दे, की निघालेच."

मिन ऊ पलीकडे खोकला. मग तो म्हणाला, "ये. पण त्याला तसाच टाकून नको येऊस."

अकराव्या दिवशी तिने सगळ्यांत लहान पिल्लू गरम पाण्यात धरून दिलं. अजगराने सावकाश गिळलं. पुढचे पाच दिवस ती घर सोडून हलली नाही. सहाव्या सकाळी पेटीच्या कोपऱ्यात पांढरट विष्ठा दिसली. तिने ती हाताने पुसून काढली.

मिन ऊचा फोन मात्र दोन दिवस कुणी उचलत नव्हतं.

मा एची पेटीशी येऊन बसली. "उद्यापर्यंत थांबून बघा की, मावशी. तिथं जाऊन... कुणाला सांगणार?"

"मी येते म्हणाले होते त्याला," न्वे यिन म्हणाली. तिने चपला घातल्या, छत्री घेतली, आणि बस जिथे थांबते त्या रस्त्याला लागली.