रेडिएटरमधले बुडबुडे

गाडी का तापते, हे मिस्त्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं त्याने दुसरं केलं काय? पण या गाडीने त्याला घाम फोडला होता. गाडी धाकट्या बहिणीची. नवरा गेल्यावर तीच ती भाड्याने चालवायची, दोन पोरींचं पोट त्या चार चाकांवर होतं.

सकाळपासून त्याने सगळं पालथं घातलं. पंखा फिरत होता. पाण्याचा पंप ठणठणीत. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही शहाण्यासारखा उघडला. आता एकच गोष्ट उरली होती, आणि तीच बघायला हात धजत नव्हता.

शेवटी इंजिन पूर्ण निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढलं आणि बहिणीला गाडी सुरू करायला सांगितली. पाण्यात बुडबुडे यायला लागले. एक, दोन, मग रांगच. तेलाची पट्टी ओढली, तर तेल दुधाळ, म्हणजे तेलात पाणी उतरलेलं. बोंबला! इंजिनाच्या हेडला, वरच्या धातूच्या ठोकळ्याला, चीर गेली होती. इतक्या जुन्या गाडीचं हेड मिळणार कुठे? तिघा भंगारवाल्यांना फोन केले, तिघांनीही हात वर केले. वेल्डिंगवाला म्हणाला, आठवडाभर टिकलं तरी नशीब समजा.

चीर कशाने गेली हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी पाइप फुटून गाडी भर रस्त्यात वाफाळली, तेव्हा हाच धावत गेला होता. पाइप बदलला. बहीण म्हणाली, जरा निवू दे. हा म्हणाला, मला शिकवू नकोस, आणि रसरसलेल्या इंजिनात बादलीभर गार पाणी ओतून मोकळा झाला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर याने त्याची सालटी काढली असती! गॅरेजात गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून घाई. कसली मेली घाई!

बहीण खाली उतरली. कशाने झालं, म्हणून तिने विचारलं. गाडी म्हातारी झाली, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"पाणी मी ओतलं, त्याने," तो म्हणाला.

"माहीत आहे, दादा. कडकन आवाज आला तेव्हा मी शेजारीच उभी होते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बरी करशील असं वाटलं."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. तिने फक्त मागच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलली. पोरींची शाळा सुटायची वेळ झाली होती, आणि चालत जायचं तर आत्ताच निघायला हवं होतं.