लेथवरची बोली

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ताईनं लेथसाठी आपला आकडा आधीच ठरवून ठेवला होता. ऑनलाइन लिलावात उतरताना हे पथ्य पाळायचं, असं तिला तिच्या दादानंच शिकवलं होतं. आकडा ठरवायचा आणि मग कितीही जीव तुटला तरी त्याच्या वर जायचं नाही. दादाचे नियम असे पुष्कळ होते आणि ते सगळे दुसऱ्यांसाठी असत.

लेथ म्हणजे हातभर लांबीचं यंत्र. घड्याळातले केसाएवढे बारीक आस त्याच्यावर घडवायचे. दोघं भावंडं एकाच दुकानात, एकाच टेबलावर जन्मभर समोरासमोर बसली, पण लेथला दादानं तिला कधी हात लावू दिला नाही. "तुझा हात जड आहे," म्हणायचा. तो गेल्यावर वहिनीनं लेथ, हत्यारं आणि त्याचा कॉम्प्युटर, सगळं एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं, नणंदेला एका शब्दानं न विचारता. लेथ नसलेलं दुकान म्हणजे नुसती सेल बदलायची टपरी. तशी ती किती दिवस तग धरणार?

आता तोच व्यापारी लेथ लिलावात विकत होता आणि ताईच्या प्रत्येक बोलीवर कुणीतरी लगेच एक पायरी वर चढत होतं.

समोरचा कोण ते बघ, हाही दादाचाच नियम. जो एकाच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतो आणि हल्ली कधीच जिंकत नाही, तो विक्रेत्याचाच माणूस, भाव चढवायला बसवलेला. हा माणूस अगदी तसाच होता. त्याचं नाव तारकांनी झाकलेलं होतं, पण फार पूर्वी घेतलेल्या घड्याळांवरचे त्याचे शेरे उघडे होते. "काटे मूळचे नाहीत. गिऱ्हाइकाला फसवू नका." ही घड्याळं तिनं याच टेबलावर उघडलेली पाहिली होती. खातं दादाचं होतं.

मग तिचं डोकं तापलं. गेलेल्या माणसाचा कॉम्प्युटर विकण्याआधी त्यातली खाती पुसून घ्यावीत, हे त्या घरात कुणाला सुचणार? तिनं व्यापाऱ्याला फोन लावला.

"माझ्या भावाच्या नावानं भाव चढवताय? लाज नाही वाटत?"

व्यापारी म्हणाला, "आधीच्या दोन-चार वस्तूंवर चढवला, खोटं कशाला बोलू. पण ताई, तो कॉम्प्युटर मागच्या महिन्यातच जळाला. भंगारात दिला. आम्हा विक्रेत्यांना नाव उघडं दिसतं. लेथवर ते दिसलं, तेव्हा मला वाटलं तुम्हीच मला धडा शिकवताय."

"मी?"

"मग कोण?"

तिनं फोन ठेवला.

तिनं आपला ठरलेला आकडा टाकला. बोट उचलायच्या आत त्यावर एक पायरी चढली. घाई नाही, चिडचिड नाही. टेबलापलीकडून कुणी हातातलं हत्यार अलगद काढून घ्यावं तसं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तिला बघवेना.

नियमाप्रमाणे इथं थांबायचं. ती थांबली. तोंड मात्र थांबेना.

"दादा," ती दुकानात एकटीच म्हणाली, "होतास तोवर मी हूं की चूं केलं नाही. आता तुला तो कशाला हवाय? तिथं कुणाची घड्याळं उघडणार आहेस? माझं पोट आहे रे त्याच्यावर. सोड ना आता."

लिलावाची शेवटची मिनिटं सरत होती. ती बघत असतानाच वरची बोली नाहीशी झाली आणि तिची बोली पहिली आली. खाली सूचना उमटली: बोली मागे घेतली आहे. मागे घेणाऱ्यानं त्याचं कारण स्वतः लिहायचं असतं. तिथं लिहिलं होतं, "माझं चुकलं."

लेथ तिचा झाला. दादाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला ती जन्मभर आसुसली होती, आणि आता तिला दुकान उघडं टाकून बाहेर पळावंसं वाटत होतं.