उजव्या गालातले खिळे

खुर्ची मढवायला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने हातोडी चालवायची, मग खिळा द्यायचा कोणी? म्हणून या धंद्यातली माणसं चिमूटभर बारीक खिळे गालात ठेवतात आणि जिभेने एकेक ओठांशी आणून देतात. हा कारागीर त्यात इतका तयार, की जिभेलाच डोळे फुटलेत असं वाटावं. खिळ्याचं डोकं नेहमी ओठांबाहेर, टोक आत.

खिळ्यांचा दुसरा उपयोग मात्र त्याने स्वतः शोधला होता. दुकानातल्या शिलाई मशीनवर कुशनची कव्हरं शिवायला त्याच्या सासूबाई बसत. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या. बाई कामाला वाघ. पण तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं. त्यांचा प्रश्न आला, की हा आणखी चार खिळे गालात सारायचा.

"जावईबापू, वायरमनला निरोप दिलात का?"

"ऊंहं."

"म्हणजे दिलात की नाही?"

"अंऊं."

अशा सुखाने वीस वर्षं गेली. सासूबाईही काही कमी नव्हत्या. कुठला ऊं होकाराचा, कुठला टाळाटाळीचा आणि कुठला 'गिऱ्हाईक समोर आहे, आता पुरे' असा, हे त्या कानाने ओळखायला शिकल्या होत्या. कारागिराने मात्र मनातल्या हिशेबवहीत सासूबाईंच्या खात्यावर आजवर सगळं नावेच टाकलं होतं; जमेला काही नव्हतं.

खिळे उजव्या गालात. डावा गाल तंबाखूचा. सकाळी मळलेली चिमूट खालच्या हिरडीशी एकदा बसली, की जुन्या भाडेकरूसारखी उठायचं नाव घेत नसे. आठवड्याच्या शेवटी मित्रांबरोबर दोन पेलेही व्हायचे. बायको ओरडायची, तिच्यासाठी वेगळा ऊं होता.

एका दुपारी हॉटेलच्या खुर्च्यांचं मोठं काम अंगावर होतं. सासूबाईंनी मशीनवरून विचारलं, "हे मरून रंगाचं कापड पुरेल ना हो?"

"पुरेल. हातभर उरेलसुद्धा," कारागीर म्हणाला.

मशीन थांबलं. सबंध वाक्य! सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कारागिराच्या गुडघ्याशी एक स्टीलची वाटी होती आणि खिळे त्या वाटीत होते.

"खिळे वाटीत कधीपासून?"

"तोंडात धरले की झोंबतं हल्ली. एक खिळा टोचलाय आत. येईल भरून."

"कधी टोचला?"

"तो लाल सोफा आला होता ना, तेव्हा."

"अहो, तो सोफा घरी गेला, त्यावर लग्नाची बोलणी झाली, लग्न लागलं, आता बारसं येईल. अजून भरून यायचंच आहे? कुठल्या बाजूला?"

कारागिराने डाव्या गालाला बोट लावलं.

सासूबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "जावईबापू, वीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसतेय. खिळे उजव्या गालात खुळखुळतात. डाव्यात कधी एक गेलेला पाहिला नाही. डाव्यात काय जातं, ते मी सांगू?"

कारागिराचा हात सवयीने खिळ्यांकडे गेला आणि वाटीशीच थबकला. लपायला जागा नव्हती. खरं तर त्याच्या जिभेला सगळं कधीच कळलं होतं. आधी नुसतं खरखरीत लागायचं, दुखायचं नाही. मग तिथे जरा टणक झालं, मग तिखट सोसेना. जीभ रोज तिथे जाऊन यायची आणि तो रोज खिळ्याचं नाव घ्यायचा. खिळ्याला कोणी घाबरत नाही.

"हॉटेलचं काम होऊ दे," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात दाखवतो."

सासूबाईंनी मशीनचा पट्टा काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "मग कव्हरंही पुढच्या महिन्यात."

दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान, पण प्रश्नांच्या बाबतीत सासूबाईंच्या तोडीची निघाली. तंबाखू किती? ठेवता कुठे? किती वेळ? दारू? कारागिराने खिळ्याचं पालुपद सुरू केलं, तशी ती म्हणाली, "टोचलेलं दोन आठवड्यांत भरतं. जे भरत नाही, ते दाखवायचं. तंबाखू जिथे मुक्काम करतो, बहुतेकदा तिथेच हे दुखणं उगवतं. वर दारू असली, तर धोका आणखी वाढतो. आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणसं घरी बसतात."

मग तिची नजर सासूबाईंच्या हलत्या जबड्यावर गेली. "आजी, तुम्ही काय चघळताय?"

"सुपारी. साधी हो! तंबाखूला आयुष्यात हात नाही लावला."

"सुपारीला तंबाखूची मदत लागत नाही. एकटी पुरते ती. आ करा बघू."

वीस वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंनी तोंड गच्च मिटलं.

"करा आई, आ करा," कारागीर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं एवढंच सुख.

सासूबाईंचा गाल आतून ताठ व्हायला लागला होता. सुपारी बंद आणि नियमित तपासणी, एवढ्यावर त्या सुटल्या. कारागिराच्या गालाचा तुकडा तपासायला गेला आणि निकाल आला: कॅन्सर. बायको बाकावर बसून तो कागद पुन्हा वाचू लागली. डॉक्टर तिच्या शेजारी येऊन बसली. "पण लहान आहे. पसरलेला दिसत नाही. आणखी थांबला असतात, तर मी वेगळं बोलले असते."

आतली खराब जागा कापून काढली, खबरदारी म्हणून मानेतल्या गाठीही काढल्या, मांडीची कातडी आणून गालात बसवली. शुद्धीवर आल्यावर कारागिराला वाटलं, हा तर आपलाच धंदा. फाटकं काढा, चांगलं लावा, टाके घाला.

तपासणीला गेलेल्या गाठी स्वच्छ निघाल्या, तो निरोप घेऊन डॉक्टर स्वतः आली. कारागिराच्या डोळ्यांना धार लागली. त्याने काहीतरी विचारलं. सुजलेल्या तोंडातून नुसते स्वर बाहेर पडले. बायको पाण्याला धावली, नर्सने उशी सरळ केली.

"पाणी नकोय त्यांना," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या. "हॉटेलच्या खुर्च्यांचं विचारतायत. गेल्या हो गेल्या! उरलेल्या खुर्च्या तुमच्या धंद्यातल्या एका मित्राने मढवून दिल्या. तुमच्याइतक्या ताठ नाहीत, पण बसता येतं."

कारागिराने मान हलवली. नर्स बघतच राहिली. "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"वीस वर्षांचा सराव आहे."

मग तो पुन्हा बोलला. या वेळी हळू, सासूबाईंकडे बघून. तुमच्यामुळे वाचलो, आई. एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण शब्दाला शब्द लागेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय म्हणतायत गं, आई?" बायकोने विचारलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, तरी काही स्पष्ट दिसेना, म्हणून पुन्हा पुसला.

"पहिल्या वेळीच कळलं हो," त्या कारागिरावर खेकसल्या. "आता गप्प पडा. टाके उसवतील."

"ऊं," कारागीर म्हणाला. तो होकाराचा होता.