एकतीस कुलपं

देवला नायक तांड्यात चाळीस घरं आहेत. दिवाळी झाली की त्यातली एकतीस बंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि होळीच्या तोंडावर परत येतात. मागे राहतात म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेची लेकरं, इथंच कामधंदा असलेले चार-पाच तरुण, कोंबड्या आणि मी. मी इथला शिक्षक. कनेरगाव नाक्याहून मोटारसायकलवर येतो आणि पाच वाजता परत जातो. सरकारची कुठलीही योजना तांड्यात आली की तिचा सचिव मीच होतो. लिहिणारा मी एकटाच, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही.

बंद घरांच्या चाव्या शकुंतलाबाईंकडे असतात. वय साठीच्या पुढे, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांच्या घरात भिंतीवर एक फळी आहे, फळीला खिळे आणि खिळ्यांना चाव्या. बाईंना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चावीला त्या त्या घरच्या बाईच्या जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली. कुणाची हिरवी, कुणाची आरसे लावलेली लाल. दर अमावास्येला त्या एकतीसही घरं उघडतात, झाडून काढतात, देवापुढे दिवा लावतात आणि तो शांत झाला की कुलूप घालून पुढच्या घरी जातात. सकाळी सुरू करतात, दिवेलागण होते तरी चालूच असतं.

"घर बंद हाय म्हनून त्याला वाटू नाही, आपल्याला टाकून गेले," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मी हसलो होतो. पण कुठल्या घरात वाळवी लागली, कुणाचा पत्रा निसटला, हे तांड्यात त्यांनाच सगळ्यात आधी कळतं, हेही खरं.

या कामाचे त्या काही घेत नाहीत. निघायच्या दिवशी ट्रक उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कावलेला असतो, आणि तरीही प्रत्येक घरची बाई त्यांच्या दारात येते, चावी हातात ठेवते, पाया पडते, मगच गाडीत चढते. तो एक दिवस शकुंतलाबाईंचा. त्या एका दिवसावर ही बाई वर्षभर जगते, असं म्हटलं तर फार होणार नाही.

यंदा दिवाळीच्या आधी पोलीस ठाण्याचे जमादार आले. हंगामात गावं रिकामी होतात, चोऱ्या वाढतात, तर ग्रामसुरक्षा दल स्थापन करा, म्हणाले. माणूस समजूतदार होता. दागिने घरात ठेवू नका, कोण कधी निघणार ते नाक्यावर सांगत फिरू नका, रात्रीइतकंच दिवसाही लक्ष ठेवा आणि कुलपं चांगली लावा, असं त्यांनी दोनदा समजावलं. त्यातलं जे विकत घेता येत होतं तेवढं आम्ही घेतलं. शिट्ट्या, टॉर्च, काठ्या आणि कुलपं.

दलाचा प्रमुख दिपक. मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे तांड्यात त्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं अशी समजूत आहे. तो हिंगोलीला जाऊन एका दुकानातून घाऊक भावात तीन डझन कुलपं घेऊन आला. जड, पिवळीधमक, सगळी एकाच कंपनीची. तांड्याचे नायक भीमसिंग म्हणाले, "जुनी कुलपं काय वाईट हायेत?" त्यांचं कुणी ऐकलं नाही. म्हाताऱ्या माणसाला सभेत मान देतात, ऐकत नाहीत. शाळेच्या ओसरीवर कुलपांचं वाटप झालं. मी यादी केली, अंगठे घेतले, खाली सचिव म्हणून सही ठोकली. जुनी कुलपं लोकांनी आपापल्या घरात कोनाड्यात ठेवली. तांड्यात कुणी काही फेकत नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला शकुंतलाबाई ऊसतोडीला गेलेल्या निता आणि पुनमचंदच्या घरी गेल्या तर पेटी उघडी. निताच्या सासूचे केसांत घालायचे चांदीचे दागिने गेलेले. दाराचं कुलूप जागच्या जागी, ओरखडासुद्धा नाही. हे बाईंनीच बाहेर येऊन सांगितलं. आदल्या महिन्यात पेटी नीट होती, हेही त्यांनीच सांगितलं.

हिशेब सोपा होता. कुलूप तुटलं नाही आणि चावी एकीकडेच. जमादारांनी पंचनामा केला, बाईंना दोन प्रश्न विचारले आणि जाताना दिपकला म्हणाले, "बाईंवर आपला आरोप नाही. पण विचार करा." लोकांनी विचार केला. दुसऱ्या दिवसापासून शकुंतलाबाई हातपंपावर आल्या की बाकीच्यांच्या घागरी लवकर भरायला लागल्या.

निताचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, कारण फोन माझाच होता. ती म्हणाली, "काकी, मी तुमाला काईच म्हनत न्हाई." बाईंनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "पोरगी काई म्हनत न्हाई म्हनते." त्यांना हे फार लागलं होतं. मलाही वाईट वाटलं. पण पाच वाजले होते.

आठवडाभराने शाळा सुटल्यावर त्या आल्या. दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, चला जरा." हातात दोन चाव्या होत्या. फळीचा खिळा निखळला, चाव्या खाली सांडल्या आणि दोन चिंध्या सुटल्या. कुठली चावी कुणाची हे बघायला त्या गेल्या तर दोन्ही चाव्यांनी दोन्ही घरं उघडली. मग त्यांनी आणखी एक लावून पाहिली. मग आणखी एक. माझ्यासमोर त्यांनी अमरसिंगच्या घराच्या चावीने निताचं कुलूप उघडलं. मोहनसिंगच्या चावीनेही उघडलं. तिसरी लागली नाही, चौथी लागली.

घाऊक माल. एका साच्यातून काढलेली कुलपं, वर चकाकी आणि आत बहुतेकांना एकच दात. त्या दुकानातून असलं कुलूप घेतलेला कुणीही माणूस दुपारी येऊन निताचं घर उघडू शकला असता. आमचं दल रात्री गस्त घालत होतं आणि दिवसा झोपत होतं.

"काकी, सुटलात तुमी," मी म्हणालो. "उद्याच दिपकला दाखवू. तांड्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एका चोराला म्हाईत हाय. आज आपन बोललो तर सांच्यापर्यंत नाक्यावरच्या ढाब्यात म्हाईत व्हईल. होळीला दोन म्हैने हायेत. तवर एकतीस घरं सताड उघडी."

"मग निदान नायकाला सांगू."

"नायक दिपकला इचारनार. दिपकच्या पोटात काय राहते?"

त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. प्रत्येकाचं जुनं कुलूप त्याच्याच घरात होतं, चावीसकट. रोज तीन घरं उघडायची, जुनं कुलूप काढून दाराला लावायचं, नवं पदराखाली घेऊन घरी आणायचं. दहा-अकरा दिवसांत काम फत्ते. तोवर कुलपांबद्दल कुणाशी बोलायचं नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला.

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर तो मला सोयीचाही होता. वाटपाच्या यादीखाली सही माझीच होती.

आता अमावास्या नसताना, भरदुपारी, जिच्यावर संशय ती बाई रोज तीन बंद घरांत शिरताना आणि पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर पडताना दिसायला लागली. दाराला पिवळ्याच्या जागी गंजकं कुलूप आलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुलपाकडे बघतो कोण? सगळे बाईकडे बघत होते. सातव्या दिवशी दिपकने भिंतीआडून मोबाइलवर शूटिंग केलं आणि तांड्याच्या गटावर टाकलं. खाली लिहिलं, 'कुंपणच शेत खाऊन राहिलं.' उसाच्या फडात बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी ते तासाभरात पाहिलं. निताने पाहिलं. तिने काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. नायक, दल, म्हातारी माणसं, जमादार आणि सचिव. तांड्यात आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. जमादारांसाठी मराठीत चाललं होतं, म्हणून मला प्रत्येक शब्द कळला.

"शकुंतला," नायक म्हणाले, "अमावास्या नसताना घरं काहून उघडून राहिली तू?"

"काम हाय."

"कायचं काम?"

"चार दिवसांनी सांगते."

दिपक उठला. "नायक, चार दिवसांत उरलेलं बी घर साफ व्हईल. चाव्या आत्ता घ्या."

दहा घरं राहिली होती. मला आकडा ठाऊक होता, तिथे दुसऱ्या कुणालाच नव्हता. शकुंतलाबाई खाली मान घालून बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सेवा नावाची एक म्हातारी, त्यांची चाळीस वर्षांची शेजारीण, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

नायकांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी रोज इथं असता. तुमचं काय म्हननं?"

"पोलीस तपास करतीलच," मी म्हणालो. "आपण कशाला मधे बोलायचं?"

शकुंतलाबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दिलेला शब्द पाळतोय, हे त्यांना दिसलंच असेल, असं मला तेव्हा वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

नायक म्हणाले, "वीस साल चाव्या हिच्याजवळ हायेत. चार दिवस आनखीन राहतील. त्याची जिम्मेदारी माझी." दिपकने तोंड वाकडं केलं, पण नायकांच्या पुढे तो गेला नाही. चार दिवस दलाची दोन माणसं बाईंच्या मागे दहा पावलांवर फिरली. त्या घर उघडायच्या, आत जायच्या, बाहेर यायच्या. एकदा त्यांनी त्या दोघांना पाणी विचारलं. ते नको म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी जमादारांसकट सगळे पुन्हा जमले, तेव्हा शकुंतलाबाई ओसरीवर आल्या आणि पोतं रिकामं केलं. एकतीस पिवळी कुलपं फरशीवर घरंगळली. ती त्यांनी एकेक करून दाबून लावली, चाव्या एका बाजूला ठेवल्या.

"दिपक, कोन्तीबी चावी घे," त्या म्हणाल्या, "आन् कोन्तंबी कुलूप उघड."

दिपकने एक चावी उचलली. पहिलं कुलूप उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं अडकलं. चौथं, पाचवं, सहावं उघडलं. दहाव्याला त्याचा हात थांबला तेव्हा जमादारांनी चावी त्याच्या हातातून घेतली आणि पुढची स्वतः लावून पाहिली. एकट्या त्या चावीने बावीस उघडली. ओसरीवर नुसता कुलपांचा खटखट आवाज.

"हे तुला कवा समजलं?" नायकांनी विचारलं.

"बारा दिवस झाले."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तर घरं कोनी राखली असती?" त्या म्हणाल्या. "आता समद्या दाराला ज्याचं त्याचं जुनं कुलूप हाय. आता कुनालाबी सांगा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आम्ही सहीशिक्क्यानिशी करत होतो. दिपकने शूटिंग काढून टाकलं आणि गटावर माफी लिहिली. शुद्धलेखन मी तपासलं. चांदी सापडली नाही, अजूनही नाही. सेवा येऊन शकुंतलाबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांनी तिला जागा करून दिली. निताचा फोन आला, ती नुसती रडत होती. "कोयता हातात हाय ना? मंग रडू नको, हात कापून घेशील," एवढंच बाई तिला म्हणाल्या. फळी, चाव्या, अमावास्या, सगळं त्यांच्याकडे राहणार, असं नायकांनी उठता उठता सांगून टाकलं.

माणसं पांगली. शकुंतलाबाई पोतं झटकून घडी घालत होत्या. मला फार मोकळं वाटत होतं. एका गुपितात आम्ही दोघंच होतो, आणि ते तडीस गेलं होतं. मी जवळ गेलो.

"काकी, मी शब्द पाळला बरं का. एका अक्षरानं बोललो नाही."

त्यांनी पोत्याची घडी काखेत धरली.

"व्हय गुरुजी. कुलपाचं बोलू नका, असं मी म्हनलं होतं," त्या म्हणाल्या. "ही बाई चोर न्हाई, एवढं म्हनायला कवा नको म्हनलं होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.