सावडीचे सत्तेचाळीस तास

सिंधुला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक खुर्ची. डोक्यावर पंखा, समोर टेबल, टेबलावर ‘समुपदेशक’ अशी पाटी. ही खुर्ची जिल्हा रुग्णालयात असणार होती, रुग्णालय नव्या जिल्ह्यात असणार होतं, आणि नवा जिल्हा अजून चहाच्या टपरीवर होता. दोन हजार सोळाचा उन्हाळा. सिंधुच्या गावची, जळकोटची, माणसं पाण्यावर बोलून दमली की उदगीर जिल्ह्यावर बोलायची. एक म्हणे पंधरा ऑगस्टला होतोय, दुसरा म्हणे सव्वीस जानेवारीशिवाय न्हाई. लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलं, तर जिल्हा एसटीनं यायला काय हरकत, असा एकूण हिशेब होता.

खुर्चीला लागणारा कागद मात्र खरा होता. नांदेडच्या एका कॉलेजात सिंधु समुपदेशनात एम. ए. करत होती. पेपर झाले, प्रबंध झाला, तोंडी परीक्षाही झाली. उरले होते फक्त तास. पदवी हवी तर शंभर तास माणसांसमोर बसून त्यांचं ऐकायचं, एकेका तासाची नोंद वहीत करायची आणि शनिवारी नांदेडला जाऊन त्यावर मार्गदर्शकांची सही घ्यायची. एकतीस मेच्या आत शंभर भरले तर पदवी यंदा, नाहीतर आणखी एक वर्ष. नांदेडात चव्वेचाळीस झाले आणि पाणी नाही म्हणून होस्टेल बंद झालं. उरलेले छप्पन्न तास गावाकडं भरून आणते, म्हणून तिनं परवानगी मागितली.

मार्गदर्शक नरसिंग सर बोलायचे सावकाश, जसं काही प्रत्येक शब्द परत मागवता येईल अशा बेतानं.

“नातेवाईक चालणार नाहीत,” ते म्हणाले. “दार लोटलेलं हवं. ऐकलेलं उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. आणि ऐकण्याच्या बदल्यात काही घ्यायचं नाही.”

“काहीच नाही?”

“पेरूसुद्धा नाही.”

“सर, यंदा पेरू कुठले?”

“म्हणून तर सोपं आहे,” सर म्हणाले.

सिंधुचे वडील महादेवप्पा मठात पूजेचं बघायचे. त्यांच्या शब्दावर मठाची मागची खोली मिळाली. हातभर जाडीच्या दगडी भिंती, एक झरोका, दोन खुर्च्या. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत मात्र एखाद्या जुन्या आडाच्या तळाशी बसावं तसा गारवा. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी यायची, दुपारभर फरशीवरून हळूहळू सरकायची आणि भिंत चढून नाहीशी व्हायची. पहिले पाच दिवस त्या खोलीत ती पट्टी सोडून कुणी आलं नाही.

“सिंधे, तिथं काय वाटून राहिलेत?” पाण्याच्या रांगेतल्या एकीनं विचारलं.

“काही वाटत नाहीत. यायचं, मनातलं बोलायचं.”

“मंग घरी काय मुकी हाव का मी?”

सहाव्या दिवशी शांतम्मा आली. साठीची, हाडापेरानं मोठी बाई. टँकर कधी पहाटे यायचा, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. बायकांच्या झोपेला ठावठिकाणा उरला नव्हता. शांतम्मा खुर्चीत बसली, पदरानं मान पुसली, म्हणाली, “थंड हाय गं इथं,” आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधी झोपून गेली.

सिंधुनं पुस्तकात वाचलं होतं की माणूस गप्प बसला तर घाई करू नये. झोपला तर काय, ते पुस्तकात नव्हतं. ती बसून राहिली. उन्हाची पट्टी शांतम्माच्या पावलांवरून गेली, जोडव्यांवर जराशी थांबली, पुढं सरकली. बाहेर कुणाची तरी रिकामी घागर वाऱ्यानं घरंगळली आणि तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा आला. एक तास झाला. शांतम्मा उठली, “बरं वाटलं,” म्हणाली आणि गेली. सिंधुनं वहीत लिहिलं: ‘झोपल्या. जागं केलं नाही.’

शनिवारी सरांनी ती ओळ दोनदा वाचली.

“तू मोबाईल बघितलास?”

“नाही सर.”

“वाचलंस काही?”

“नाही.”

“मग तासभर काय केलंस?”

“त्यांचा श्वास बघत होते. मधे एकदा अडकल्यासारखा झाला, तेव्हा मीपण थांबले.”

सरांनी सही केली.

चौथ्या वेळी शांतम्मा झोपेतून उठून बोलली. काय बोलली, ते सिंधुनं कुणालाही सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण शांतम्मानंच पुढं साऱ्या गल्लीला सांगितलं. तिचा नवरा श्रीमंत तीन महिन्यांपासून दोन म्हशी घेऊन औशाकडच्या चारा छावणीत राहत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती घरात एकटी होती. बायका येऊन हळहळायच्या, आणि तिला आतून मात्र गोड वाटायचं. भाकरी एकदाच थापायची. भांडं ठेवलं तिथंच सापडायचं. कुणी खाकरायचं नाही. “गावाचे नरडे कोरडे पडलेत सिंधु, आन् मला बरं वाटून राहिलंय. म्हणून झोप लागंना. झोपलं की सपनात पाणी येतंय. उंबऱ्यापर्यंत येतंय, आन् विचारतंय, श्रीमंतला बोलावू का?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“मी म्हणते, पाण्या, तू आलास तेवढं बास.”

दोघी हसल्या. त्यानंतर शांतम्मा घरीही झोपू लागली, आणि गल्लीत बातमी गेली की महादेवप्पाच्या पोरीच्या खोलीत बसलं की झोप लागते. ऐकून घेण्याला गिऱ्हाईक नव्हतं, झोपेला निघालं. मठाच्या मागं घागरी रांगेला लागल्या. घागर ठेवली की नंबर लागला, ही इथली जुनी रीत. कुणी येऊन झोपायची, कुणी रडायची, एकीनं तर तासभर फक्त माहेरच्या चिंचेच्या झाडाबद्दल सांगितलं, फांदी फांदी करून, आणि शेवटी म्हणाली, “ते झाड तोडलं म्हणून कुणी सांगितलंच न्हाई मला.” सिंधु ऐकायची. त्या दुपारी एकमेकींत मिसळून जायच्या. कोणतं स्वप्न कुणाचं, ते वही बघितल्याशिवाय तिला सांगता आलं नसतं. वीस मेला वहीत गावाकडचे सत्तेचाळीस तास भरले. नांदेडचे धरून एक्क्याण्णव. नऊ राहिले होते आणि हातात अकरा दिवस.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या नजरेला यायला हवी होती. घरातला ड्रम रोज भरलेला असायचा. गल्लीत लोक तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालत होते आणि सिंधु एक दिवसाआड केस धूत होती. पण दुसऱ्याच्या श्वासाकडं इतकं बारीक बघणाऱ्याला स्वतःच्या घरातला ड्रम दिसत नाही. तिला वाटायचं, माय रांगेत उभी राहते.

त्या दिवशी ती पुरण वाटायचा पाटा काढायला स्वयंपाकघराच्या दारामागं वाकली आणि तिला भिंतीवर कोळशाच्या खुणा दिसल्या. तिची आई शिवम्मा हिला लिहिता येत नव्हतं, म्हणून चित्रं होती. म्हैस, तिच्यापुढं अकरा रेघा. चिंचेचा आकडा, सहा रेघा. विळा, कंगवा, पाळणा, आणि प्रत्येकापुढं रेघा. सिंधुनं मोजल्या. सत्तेचाळीस.

तिनं पुन्हा मोजल्या. कॉलेजच्या वहीत आणि मायच्या भिंतीवर एकच आकडा होता, एक कमी नाही, एक जास्त नाही.

“माय, हे काय?”

“सावड,” शिवम्मा कांदा चिरत म्हणाली.

सावड म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आज तू माझ्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते. पैसा नाही, पाणी-भाकर नाही, दिवसाला दिवस. सिंधु शांतम्मासाठी तासभर बसली. शांतम्मा सिंधुच्या घरच्या घागरींसाठी तासभर रांगेत उभी राहिली. म्हशीपुढं, म्हणजे शांतम्मापुढं, एक रेघ.

“आणि तू घेतलंस?”

“घेऊ न्हाई तर काय करू? सावड परत धाडली तर दारात थुंकल्यासारखं होतंय. आन् तू बसती की तासभर. बसणं काय सोपं हाय?”

सिंधु ड्रमापाशी गेली. पाणी काठोकाठ होतं, आणि त्यात तिचा चेहरा असा निवांत तरंगत होता की तिलाच त्याचा राग आला. पेरूसुद्धा नाही, असं सर म्हणाले होते. त्या उन्हाळ्यात घागरभर पाण्यापुढं पेरूची बाग काय होती? आणि सरांना कळणार कुठून? ते नांदेडात, भिंत जळकोटात. ओल्या फडक्याचा एक हात फिरवला असता तर म्हैस, चिंच, पाळणा सगळं पुसलं गेलं असतं. तिनं फडक्याला हात लावला नाही. मग तिनं वही पिशवीत टाकली.

सकाळी नांदेडच्या अडीच तासांच्या एसटीत तिला डुलकी लागली. स्वप्नात सरांच्या टेबलावर कुणीतरी एकापुढं एक घागरी मांडत होतं आणि सर प्रत्येक घागरीवर सही करत होते.

खऱ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. “तुला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“माहीत झाल्यावर किती दिवसांनी आलीस?”

“काल दुपारी कळलं.”

“आमच्या गावीही होती सावड,” ते म्हणाले. “सिंधु, नियम पेरूसाठी नाही. ती बाई तासभर उन्हात उभी राहून आली की तुझ्यासमोर नुसती बसत नाही. फेडायचं काय, ते मनात घेऊन बसते. कुणी झोप उधार घेत असेल तर ती पुरी झोप नव्हे.”

“मग खोडायचे?”

“मी खोडू?”

“नको. मी खोडते.”

तिनं लाल पेन मागितलं. पट्टी लावून एकेक ओळ खोडली. ‘झोपल्या. जागं केलं नाही,’ या ओळीपाशी पेन थांबलं आणि पुढं गेलं. प्रत्येक रेघेशेजारी सरांनी सही केली, पहिल्या सहीइतकीच नीट. राहिले चव्वेचाळीस. पदवी पुढच्या वर्षावर गेली.

दुसऱ्या दिवशी टँकर सकाळी दहाला येणार होता. रांगेत शांतम्माच्या घागरीमागं सिंधु जाऊन उभी राहिली.

“हे काय गं?”

“तुमचे अकरा तास माझ्या अंगावर आहेत, काकू. फेडते.”

“म्हंजे माझी सावड परत केलीस?” शांतम्माचा आवाज चढला नाही, बारीक झाला. “आम्ही काय भिक्षेला बसलो होतो तुझ्या खोलीत?”

सिंधुला पुस्तकातलं काही आठवेना. मग जे आलं ते ती बोलली. “काकू, नवी पोरगी वेचणीला पहिल्यांदा आली तर तिचा दिवस सावडीत धरतात का?”

“न्हाई. शिकणारीचा दिवस धरत न्हाईत. तिनं वेचलं काय आन् मोडलं काय.”

“मी शिकणारी आहे. अजून मला येत नाही.”

शांतम्मानं तिच्याकडं बघितलं. एकदा घागरीकडं बघितलं. मागच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. न्याय बरोबर होता.

“हां,” शांतम्मा म्हणाली. “हे तर खरं हाय. शिकणारीचं धरत न्हाईत. पण मंग पहिल्याच दिशी का न्हाई सांगितलंस, येडे? आम्ही फुकट येऊन झोपलो असतो की.”

घेऊ नये, एवढं ती शिकली होती. समोरच्याला न दुखवता कसं घेऊ नये, ते एक वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं आणि रांगेतल्या कुठल्याही बाईला ते पाठ होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती उभी राहिली. मान भाजली, टाचा फुटल्या. शिवम्मा रोज दोन-दोन रेघा पुसायची आणि ड्रम रोज दोन बोटं खाली जायचा. म्हैस पुसली गेली, मग चिंच, मग पाळणा.

आता कुणी काय भरलं ते बघा. कॉलेजनं काही भरलं नाही, त्याच्या वहीत सगळं नीट आहे. नरसिंग सरांनी सत्तेचाळीस सह्या जास्तीच्या भरल्या. गल्लीतल्या बायकांनी सत्तेचाळीस तास भरले आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस परत मिळाले, झोप वरची. शिवम्मानं ड्रम भरला. सिंधुनं सत्तेचाळीस तास बसून भरले, सत्तेचाळीस उभं राहून, आणि वर एक अख्खं वर्ष.